नॅरोबोट बांधायला दोर कुठला घ्यावा?

कालवाकाठ
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिला धागा काढतेय.

गेल्या सप्टेंबरात नवऱ्याने आणि मी एक जुनी नॅरोबोट घेतली. ५७ फुटी, पोलादी, वजन १७ टनांच्या आसपास. इंग्लंडातले कालवे ज्यांनी पाहिले नाहीत त्यांच्यासाठी: इथल्या कित्येक जुन्या कालव्यांवरची लॉकं (पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेणारे, दोन्हीकडे दारं असलेले हौद) जेमतेम ७ फूट रुंद आहेत, म्हणून बोट ६ फूट १० इंच रुंदीची. लांबी रेल्वेच्या डब्याची आणि रुंदी घरातल्या बोळाची, असं काहीतरी डोळ्यांसमोर आणा. आमची कायमची जागा नाही. १९९५ च्या कायद्याप्रमाणे अशा बोटीला एका ठिकाणी सलग १४ दिवसांच्या वर थांबता येत नाही. म्हणजे सारखा नवा काठ, नव्या मेखा आणि पुन्हा बांधाबांध.

बोटीबरोबर आलेले निळे दोर उन्हाने कडक झालेत. हातातून सरकवले की तळव्याला निळी भुकटी लागते, बारीक कुसळं रुततात. उन्हाळी हंगामाआधी सगळे बदलायचेत. नायलॉन, पॉलिएस्टर की पॉलिप्रॉपिलीन? १४ मिमी की १६? पुढचा, मागचा आणि मधला दोर किती लांबीचा? तीन पेडी की वेणीचा? दुकानात "सगळे नायलॉनचे घ्या" म्हणाले. त्यातला एक घेतला आणि पस्तावले, ते नंतर सांगते.

गुळपोळी
केरळातल्या हाऊसबोटीसारखीच का ही? आम्ही अलेप्पीला एक रात्र राहिलो होतो. फोटो टाका ना प्लीज!

खाडीपल्याड
कालवाकाठ, स्वागत. आधी एक सांगा, तुमच्याकडे भरती-ओहोटी आहे का? आमच्या मालवणात दोराचा प्रश्न तिथूनच सुरू होतो. आजोबांच्या वेळी काथ्याचे दोर असत. नारळाची सोडणं खाडीच्या चिखलात काही महिने कुजत घालायची, मग ठोकून काथ्या काढायचा आणि वळायचा. ते काम मी लहानपणी पाहिलंय, वास अजून नाकात आहे. आजो सांगायचो, "दोर भिजलो काय आखडता, ढिलो ठेव." आता सगळीकडे प्लास्टिकचे दोर झाले, पण ढिला ठेवायची सवय तीच. उधाणाच्या दिवशी होडी ताणून बांधली तर एकतर दोर तुटेल नाहीतर खुंट उपटेल.

@गुळपोळी, अवांतर: केरळातल्या त्या केट्टुवल्लममध्ये फळ्या एकमेकींना काथ्याच्या दोरीनेच शिवलेल्या असतात. खिळा मारत नाहीत.

कालवाकाठ
खाडीपल्याड, कालव्यात भरती नाही. पाणी दोन लॉकांच्या मध्ये साठलेलं असतं, पातळी फार तर चार-सहा इंच हलते. पण अधूनमधून नदीवर जावं लागतं आणि पावसानंतर नदी एका रात्रीत चढते.
गुळपोळी, फोटो उजेड असताना काढून टाकते.

तांडेलमामा
मर्चंट नेव्हीत ३१ वर्षं डेकवर काढली. तुमच्या बोटीच्या हजारपट मोठी जहाजं बांधली, पण दोराचा स्वभाव तोच.

नायलॉन ताणतो. भार आला की लांब होतो, भार गेला की परत येतो, म्हणजे झटका पोटात घेतो. पाण्यात बुडतो आणि ओला झाला की ताकद थोडी कमी होते. पॉलिएस्टर फार ताणत नाही, उन्हाला तिघांत सर्वांत टिकाऊ, पण तोही बुडतो. पॉलिप्रॉपिलीन तरंगतो, हलका आणि स्वस्त. ताकदीने तिघांत कमी, आणि साधा प्रकार असेल तर ऊन त्याला खातं. तुमच्या हाताला लागते ती भुकटी त्याचीच.

दुकानदाराच्या सांगण्यावर जाऊ नका. वीतभर तुकडा मागा आणि बादलीत टाका. तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन, बुडाला तर बाकीच्या दोघांपैकी एक.

ताकदीचं म्हणाल तर १४ मिमीचा तीन पेडी पॉलिप्रॉपिलीनही नवा असताना पावणेतीन टनांच्या आसपास तुटतो. १७ टनांची बोट तरंगतेय, टांगलेली नाही, त्यामुळे हे पुष्कळ झालं. तुमच्याकडे दोराच्या आधी मेख उपटून येईल. तरीही मी १६ घ्या म्हणेन, आणि कारण ताकद नाही, हात. बारीक दोर ओल्या थंडीत तळव्यात रुततो, जाड दोर मुठीत बसतो.

आणि एक कळकळीने सांगतो. ताणलेल्या नायलॉनच्या रेषेत उभं राहू नका, मुलांना तर नाहीच. तुटला तर चाबकासारखा मागे येतो. माझ्या डोळ्यांसमोर एका खलाशाचा पाय गेलाय.

कडेकपारी
मामांना अनुमोदन. आम्ही सह्याद्रीत चढाईला ताणणारा दोर वापरतो तो याचसाठी. पडणाऱ्या माणसाचा झटका दोराने घ्यायचा, कमरेने नाही. खाली उतरायला मात्र न ताणणारा दोर, नाहीतर माणूस वर-खाली झुलत बसतो. कालवाकाठ, तुमच्या बोटीला यातला कोणता प्रसंग जास्त येतो? झटका की झुलणं?
(गिर्यारोहणाचे निवृत्त दोर बोटीला वापरू नका. कुणी फुकट दिले तरी नको, गुळगुळीत कवचामुळे गाठ सरकते.)

वाऱ्याचीवाट
वाचतेय. विषयाशी दुरूनही संबंध नाही, पण धागा सोडवत नाही. :)

बोटवाला_डेव्हायझेस
सहा वर्षं बोटीवर राहतोय, बहुतेक केनेट-एव्हन कालव्यावर. मामांबद्दल आदर आहे, पण कालव्यापुरतं त्यांच्याशी सहमत नाही. कडेकपारींनी नेमका प्रश्न विचारलाय: इथे झुलणं हाच त्रास आहे.

शेजारून बोट गेली की काय होतं ते सांगतो. ती आपल्यापुढे पाणी ढकलत येते, तेव्हा बांधलेली बोट एका बाजूला सरकते. ती शेजारून गेली की पाणी मागे ओढलं जातं आणि बोट उलट बाजूला येते. वेगमर्यादा ताशी ४ मैल आहे, बांधलेल्या बोटींजवळून त्याहूनही हळू जायचं असतं, पण सगळे पाळत नाहीत. दोर ताणणारा असेल तर बोटीला धावायला जागा मिळते. १७ टन हातभर जरी धावले तरी थांबताना मेखेला हिसका देतात. असे पाच-सहा हिसके बसले की पावसाने मऊ झालेल्या मातीत मेख सैल होते आणि पहाटे बोट कालव्याच्या मधोमध आडवी सापडते. माझ्यावर हे दोनदा आलंय.

म्हणून माझं मत: पॉलिएस्टर, तीन पेडी, १४ मिमी. पण त्याहून महत्त्वाचं बांधायचं कसं ते. पुष्कळ जण पुढचा आणि मागचा दोर काठाशी काटकोनात बांधतात. त्याने बोट काठाला चिकटते, पण पुढे-मागे मोकळीच राहते. पुढचा दोर पुढच्या दिशेने तिरका आणि मागचा मागच्या दिशेने तिरका, साधारण ४५ अंशांत न्या. वर्दळीचा कालवा असेल तर आणखी दोन दोर उलट तिरके लावा, म्हणजे पुढून मागे आणि मागून पुढे. इथले लोक त्याला स्प्रिंग म्हणतात. स्प्रिंग लावल्यावर बोट बोटभरही हलत नाही.

काठाला लोखंडी पत्र्याचं पायलिंग असेल तर मेखेच्या नादी लागूच नका. त्याच्या आडव्या पट्टीमागे अडकवायचे हुक मिळतात, ते दोन नेहमी खिशात.

तांडेलमामा
बोटवाला, तिरक्या दोरांचं शंभर टक्के बरोबर. जहाजालाही स्प्रिंग असतातच, मी ते लिहायला हवं होतं. पण ताणाबद्दल माझं मत बदललं नाही. न ताणणाऱ्या दोराने हिसका नाहीसा होत नाही, तो बोटीच्या खुंटावर आणि मेखेवर जातो. स्प्रिंग नीट लागले तर पॉलिएस्टर चालेल. नुसत्या दोन दोरांवर बोट राहणार असेल तर मी थोडा ताणणाराच घेईन.

बांधावरून
मी साताऱ्याकडचा शेतकरी, कालव्याचं पाणी फक्त उसाला देतो. पण मेख उपटते म्हणताय म्हणून लिहितो. बैलाची मेख आम्ही कधी उभी ठोकत नाही. तिचं डोकं बैलापासून लांब कललेलं पाहिजे आणि दावं अगदी मातीलगत बांधायचं. डोक्याजवळ बांधलं तर बैल मान हलवून हलवून तिला तरफेसारखी उपटतो. दोन मेखा एकीमागे एक ठोकून जोडल्या तर खोंडसुद्धा हलवू शकत नाही. तुमची बोट १७ टनांची असली तरी बैलाइतकी हट्टी नसेल असं वाटतं.

बोटवाला_डेव्हायझेस
बांधावरून, दंडवत! इथे पहिल्या वर्षी हेच मला एका म्हाताऱ्या बोटकऱ्याने दाखवलं होतं, अगदी याच क्रमाने. मऊ मातीत आम्हीही एका दोराला दोन मेखा लावतो. मेखेवर पांढरी प्लास्टिकची बाटली उपडी घालायची, म्हणजे काठाच्या वाटेवर संध्याकाळी चालणाऱ्याचा पाय अडकत नाही.

चऱ्हाट
माझं सदस्यनाम पाहता या धाग्यावर यायलाच हवं होतं.
सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. नायलॉनचं काय होतं? पीळ राहतो का?

कडेकपारी
नायलॉन वितळतो. सुंभही जातो, पीळही जातो, खाली गोळा उरतो. :)

कालवाकाठ
कडेकपारी, तुम्ही हसत लिहिलंत, पण तो गोळा मी हातात धरलाय. आता सांगतेच.

फेब्रुवारीतली गोष्ट. मधला दोर, म्हणजे छताच्या मध्यावर कडीला बांधलेला, आम्ही नुकताच नवा घेतला होता. पांढराशुभ्र नायलॉन. नवरा काठाशी लावायला बोट मागे घेत होता, मी पुढे होते. दोर छतावर नुसता टाकलेला, वेटोळं केलेलं नव्हतं. तो कधी घसरला कळलंही नाही, कारण पाण्यात पडून तो दिसेनासा झाला. मग इंजिन खोकल्यासारखं झालं आणि बंद पडलं.

मागच्या डेकखाली, बोट ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्याच्या बरोबर वर एक झाकण असतं, वीड हॅच म्हणतात. इंजिन बंद, किल्ली माझ्या खिशात, झाकण उघडलं आणि नवरा पालथा पडून खांद्यापर्यंत हात घालून चाचपायला लागला. पाणी इतकं गार की दोन मिनिटांनी बोटं वळेनात, मग माझी पाळी. दोर पंख्याच्या दांड्याला बारा-पंधरा वेढे घेऊन बसला होता आणि घर्षणाच्या उष्णतेने आतले वेढे वितळून एक झाले होते. मेणाचा गोळा गोठावा तसा, पण दगडासारखा कडक. ब्रेडच्या सुरीने वरचे वेढे कापले, आतल्या गोळ्याला करवतीचं पातं लागलं. दीड तास. मागच्या बोटीवरची बाई न सांगता चहाचे दोन मग घेऊन आली आणि हॅचशी बसून टॉर्च धरला. तो गोळा अजून खिडकीत ठेवलाय.

म्हणून विचारतेय. दोर चांगला होता हो, पण त्या जागेसाठी नव्हता.

गुळपोळी
बाप रे. त्या बाईंना आमच्याकडूनही धन्यवाद सांगा.

बोटवाला_डेव्हायझेस
ज्याच्याकडे बोट आहे त्याच्याकडे अशी एक गोष्ट असते. मधला दोर तरंगणाराच हवा, यात वाद नको. तरंगणारा दोर पाण्यात पडला तर दिसतो आणि पंख्याकडे ओढला जायच्या आत उचलता येतो. लांबी सुकाणूवरच्या माणसाच्या हातात येऊन वर काठावर पाऊल टाकता येईल इतकी, त्याहून जास्त नको. तुमच्या बोटीला १२ मीटर पुरे.

आणि वीड हॅचचं झाकण परत लावताना दोनदा तपासा. ते सैल राहून इंजिन चालू केलं तर पंखा पाणी आत फेकतो. अशा बोटी बुडाल्यात.

मावळतीकर
आम्ही तीन वर्षांपूर्वी वेल्समध्ये लॅन्गॉलन कालव्यावर आठवडाभर बोट भाड्याने घेतली होती. पॉन्टकसिल्टेच्या जलसेतूवरून बोट नेली, १८०५ चा, नदीपासून १२६ फूट उंच, आणि एका बाजूला कठडाच नाही! आईने तेवढा वेळ डोळे मिटून रामरक्षा म्हटली.

पण दोराची चूक दुसऱ्याच दिवशी, एका लॉकमध्ये. उतरताना मी मधला दोर काठावरच्या खुंटाला गाठ मारून बांधला, बोट हलू नये म्हणून. पाणी उतरायला लागलं, बोट खाली जायला लागली आणि दोराने तिला एका कुशीवर धरलं. आतून भांडी पडल्याचे आवाज. गाठ ताणाने अशी बसली होती की सुटेना. भाऊ ओरडला, बायकोने धावत जाऊन झडपा पाडल्या, पाणी थांबलं. वरची झडप थोडी उघडून बोट पुन्हा उचलली तेव्हा कुठे गाठ सुटली. दहा वर्षांचा मुलगा आत होता. ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

तांडेलमामा
मावळतीकर, देवाची कृपा. सर्वांनी लक्षात ठेवा: पाण्याची पातळी बदलणार असेल तिथे गाठ मारायचीच नाही. खुंटाला एक वेढा द्यायचा आणि टोक हातात ठेवून सोडत जायचं.

बांधून ठेवायचं असेल तरी भार असताना सुटेल अशीच गाठ हवी. बोलाइन उत्तम गाठ, पण ताणाखाली सुटत नाही. लायटरमन्स हिच शिका. खुंटाला दोन-तीन वेढे, मग मोकळ्या भागाचा फास करून ताणलेल्या दोराखालून घ्यायचा आणि खुंटावर टाकायचा, पुन्हा एकदा उलट बाजूने. खरं तर गाठ नाहीच ही, नुसते वेढे. कितीही ताण असो, उलट क्रमाने काढत गेलं की सुटते. घरी खुर्चीच्या पायाला पन्नास वेळा करा.

इतिहासवेडी
थोडं अवांतर, पण दोराचंच आहे. लंडनला असताना कालव्याकाठी खूप फिरायचे. जुन्या पुलांच्या कोपऱ्यांवर लोखंडी पट्ट्या दिसतात आणि त्यांत हाताचं बोट जाईल इतक्या खोल खाचा. पूर्वी बोटी घोडे ओढायचे, त्या ओढायच्या दोराने पडलेल्या. सुती दोर तो! ओला व्हायचा, काठावरची वाळू-माती पेडांत बसायची आणि वर्षानुवर्षं लोखंडावरून घासायचा. मी एका खाचेत बोट घालून पाहिलं, आतून काचेसारखी गुळगुळीत. विहिरीच्या काठावर पोहऱ्याच्या दोराने पडलेल्या खुणा आठवल्या.

खाडीपल्याड
सुंदर प्रतिसाद! आणि यात कालवाकाठ यांच्यासाठी कामाची गोष्ट आहे. जी वाळू लोखंड कापते ती दोरालाही आतून कापते. दोर महिन्यातून एकदा गोड्या पाण्यात बुडवून खळबळून काढा. तुमच्या कालव्याचं पाणी गोडं आहे, पण चिखल तर आहेच.

कालवाकाठ
खाडीपल्याड, इथे लोक दोर जुन्या उशीच्या अभ्र्यात घालून वॉशिंग मशीनमध्ये टाकतात! जुन्या दोरावर करून पाहिलं. पाणी काळं निघालं, दोर बराच मऊ झाला.
इतिहासवेडी, आम्ही आत्ता ब्राउन्स्टनजवळ आहोत. उद्या इथले पूल नीट बघते.

वाऱ्याचीवाट
मूळ प्रश्न राहिला का? तीन पेडी की वेणीचा, ते कुणीच सांगितलं नाही.

तांडेलमामा
वेणीचा हाताला मऊ, वेटोळं करताना पीळ पडत नाही. तीन पेडी स्वस्त, आणि त्याचा डोळा, म्हणजे टोकाचा कायमचा फास, घरी गुंफता येतो. गाठीने दोराची ताकद बरीच घटते, नीट गुंफलेल्या डोळ्याने फारच थोडी, म्हणून मी तीन पेडीच म्हणेन. टोकाचे तीन पेड सोडवा, सोडवलेल्या भागाच्या तळाशी सुतळी घट्ट बांधा, प्रत्येक पेडाच्या टोकाला चिकटपट्टी. मग दोराच्या अंगातला एक पेड उचलून त्याखालून एक घाला, शेजारच्याखालून दुसरा, उलटवून तिसरा. हा एक फेरा. सुती किंवा काथ्याला तीन फेरे पुरतात. प्लास्टिकच्या दोराला पाच घाला, तो गुळगुळीत असतो, सरकतो.

कालवाकाठ
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. दोन रात्री बसून ठरवलं.

मधला: पॉलिप्रॉपिलीन, १६ मिमी, १२ मीटर. तागासारखा दिसणारा मऊ प्रकार मिळाला, बादलीत टाकून पाहिला, तरंगला. छतावर आता तो नेहमी वेटोळं करूनच.
पुढचा आणि मागचा: पॉलिएस्टर, तीन पेडी, १६ मिमी, प्रत्येकी १० मीटर. लांबी जास्त घेतली, कारण दोर मेखेच्या कडीतून परत बोटीवर आणून डेकवरच बांधायचा आहे. रात्री ढिला-घट्ट करायला काठावर उतरायला नको.
स्प्रिंगसाठी त्याच पॉलिएस्टरचे ८ मीटरचे दोन.
मामा, नायलॉनचा जो तुकडा उरला तो टाकला नाही. नदीवर जाऊ तेव्हा वापरेन.

बोटवाला_डेव्हायझेस
छान. एकच राहिलं: रात्री मधला दोर काठाला ताणून बांधून ठेवू नका. तो छताला लावलेला असतो, शेजारून बोट गेली की वरून ओढ बसते आणि बोट कलंडत राहते. फक्त काठाशी लावताना वापरा.

कालवाकाठ
तीन आठवड्यांनी लिहितेय. नॅप्टनच्या टेकडीखाली आहोत, वर पवनचक्की दिसते. काल संध्याकाळी एक बोट भलत्या वेगात शेजारून गेली. स्प्रिंग लावले होते. भिंतीवरचा दिवा हलला, बाकी काही नाही. सकाळी जाऊन पाहिलं तर पुढची मेख जिथे ठोकली होती तिथेच.

मामा, पाच डोळे गुंफले. पहिला वाकडा झाला, सोडवून पुन्हा केला.

बांधावरून
मेख कुठल्या बाजूला कललेली होती?

कालवाकाठ
बोटीपासून लांब. आणि दोर मातीलगत.